तिकिटं जमवणारा माणूस मागे काय ठेवतो?

आजचा भाग मी बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतून करते आहे. दिवसा इथल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं आणि उरलेल्या वेळात टपाल तिकिटं बघत बसायचं, असा माझा दिनक्रम आहे. तिकिटांवर बोलायला लागलं की लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "तुमच्याकडचं सगळ्यात महागडं तिकीट कोणतं?" आणि दुसरा, "आमच्या आजोबांचा अल्बम आहे, त्याचे किती येतील?"

आज मी तिसरा प्रश्न घेणार आहे. आयुष्यभर तिकिटं जमवणाऱ्या माणसाकडून इतरांना काय मिळतं? घरच्यांना विचारलं तर ते म्हणतील, काहीच नाही. माणूस रविवारभर भिंग आणि चिमटा घेऊन बसतो आणि कपाटाचा एक कप्पा अडवून ठेवतो. मला तसं वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगण्यासाठी मुंबईच्या एका पारशी गृहस्थांची ओळख करून द्यायची आहे. पण आधी थोडं टपालाबद्दल बोलू, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

पत्त्यातले सहा आकडे

माझ्या पत्त्यात शेवटी ५६०१०० असा पिनकोड येतो. यातला पहिला ५ म्हणजे कर्नाटक, आंध्र, तेलंगण हा दक्षिणेचा पट्टा. ५६ म्हणजे त्यातला कर्नाटकाचा एक भाग. ५६० म्हणजे बेंगळुरू. आणि शेवटचे तीन आकडे म्हणजे पत्र ज्या टपाल कार्यालयातून वाटलं जाणार ते, इथे इलेक्ट्रॉनिक सिटी. बेळगावचा पत्ता ५९०ने सुरू होतो, पुण्याचा ४११ने, पणजीचा ४०३ने. गोवा वेगळं राज्य असलं तरी पिनकोडच्या हिशेबात ते महाराष्ट्राच्याच ४ क्रमांकाच्या विभागात आहे. लष्कराच्या टपालाला मात्र कुठलाही प्रदेश नाही. त्याला ९ हा आकडा दिलेला आहे.

ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती बसवण्यात मोठा वाटा होता श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याचा. ते संस्कृतचे कवी आणि नाटककारही होते. आपल्या देशात एकाच नावाची गावं ढिगाने, पत्ता कुणी कोणत्या लिपीत लिहील याचा नेम नाही. अशा वेळी आकडा सगळ्यांना वाचता येतो, हा त्यामागचा साधा विचार.

पिनकोडमुळे वेलणकरांचं नाव थोडंफार ऐकलेलं असतं. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये दिल्लीत 'इंडिपेक्स' हे जागतिक तिकीट प्रदर्शन भरलं आणि त्याचे अध्यक्ष वेलणकर होते, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. पत्र पोचवणारं खातं आणि पत्रावरचं तिकीट जमवणारे लोक अशी ही दोन जगं तेव्हा एका मांडवात आली.

परीक्षक कशाला गुण देतात

अशा प्रदर्शनात नेमकं काय होतं, ते बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. एका चौकटीत सोळा पानं लावतात. प्रत्येक पानावर तिकिटं किंवा लिफाफे आणि शेजारी संग्राहकाने लिहिलेल्या ओळी. हे परीक्षक तपासतात आणि शंभरांपैकी गुण देतात.

तिकिटांच्या आणि टपाल इतिहासाच्या मुख्य विभागांत आंतरराष्ट्रीय पातळीवर गुणांची वाटणी कशी असते पाहा. विषय कसा मांडला याला २०. विषयाचं महत्त्व, १०. तिकीट किती सुस्थितीत आहे याला १० आणि ते किती दुर्मिळ आहे याला २०. पानाच्या देखणेपणाला फक्त ५. आणि ज्ञान, स्वतःचा अभ्यास, संशोधन यांना ३५.

म्हणजे पैशांनी विकत घेता येईल अशा दुर्मिळतेला २० गुण, आणि डोळे फोडून केलेल्या अभ्यासाला ३५. सर्वांत मोठा वाटा अभ्यासाचा. श्रीमंत माणूस महागडं तिकीट आणेल, पण ते कुठे छापलं, कोणत्या कागदावर, कोणत्या वाटेने प्रवास करून आलं, हे त्याला सांगता आलं नाही तर तो मागे पडतो. या छंदाने स्वतःसाठी घालून घेतलेला हा नियम मला फार आवडतो.

मात्र हे ज्ञान येतं कुठून? ते शाळेत शिकवत नाहीत. टपाल खात्याच्या जुन्या नोंदीही पूर्ण मिळत नाहीत. ते येतं आधीच्या संग्राहकांनी लिहून ठेवलेल्या पुस्तकांतून, याद्यांतून आणि मासिकांतून.

हॉर्नबी रोडवरचे जाल कूपर

आता मुंबईला जाऊ. फोर्टमध्ये आज ज्याला आपण दादाभाई नौरोजी रोड म्हणतो, तो तेव्हा हॉर्नबी रोड होता. तिथे जाल माणेकजी कूपर यांचा तिकिटांचा व्यवसाय होता. ते व्यापारी होते आणि अभ्यासकही. 'इंडियाज स्टॅम्प जर्नल' हे मासिक ते चालवत. 'स्टॅम्प्स ऑफ इंडिया' हे त्यांचं पुस्तक १९४२ सालचं. त्याखेरीज जुन्या भारतीय टपाल शिक्क्यांवर 'अर्ली इंडियन कॅन्सलेशन्स' आणि परदेशांत वापरल्या गेलेल्या भारतीय तिकिटांवर 'इंडिया यूज्ड अब्रॉड' ही त्यांची पुस्तकं. आजही एखाद्या लिलावाच्या यादीत जुन्या भारतीय तिकिटापुढे 'मागे जाल कूपर यांची खूण' असं छापलेलं दिसतं. कारण ज्या तिकिटाला त्यांनी खरं ठरवलं, त्याच्या पाठीवर ते आपल्या नावाचा बारीक शिक्का उमटवत.

त्यांच्या आधी भारतात हे काम कुणी केलं नव्हतं असं नाही. १८९७ मध्ये फिलाटेलिक सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, तिचं मासिकही निघालं. तिचे सर स्टुअर्ट-विल्सन हे पुढे टपाल खात्याचे महासंचालक झाले. हॉसबर्ग, स्टुअर्ट-विल्सन आणि क्रॉफ्टन या तिघांचा ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवरचा मोठा ग्रंथ १९०७चा. पण ती मंडळी बहुतेक साहेबलोक, आणि त्यांचा वाचकही तसाच. कूपर यांचं मासिक आणि त्यांची पुस्तकं मुंबईत निघत होती. ज्याला इथे बसून तिकिटं जमवायची आहेत, त्याच्या हाती ती पडू शकत होती.

मला यात सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट. तिकिटांच्या व्यापाऱ्याचा फायदा बऱ्याचदा गिऱ्हाइकाच्या अज्ञानात असतो. तुम्हाला जो शिक्का नुसता काळा डाग वाटतो, तो दुर्मिळ आहे हे व्यापाऱ्याला ठाऊक असेल, तर तो चार आण्यांना घेऊन शंभर रुपयांना विकू शकतो. अशा धंद्यात असलेला माणूस कोणता शिक्का कुठला, हे पुस्तकात छापून मोकळा होतो. म्हणजे स्वतःच्या हातातलं गुपित तो सगळ्यांच्या हातात देतो. ज्याच्याकडे ते पुस्तक आहे, तो उद्या कूपरांच्याच दुकानात येऊन त्यांच्याशी बरोबरीने घासाघीस करू शकतो. समाजाची सेवा म्हणतात ती मला इथे दिसते.

शिक्का वाचायचा म्हणजे काय

हे नीट समजावं म्हणून एक उदाहरण घेऊ.

ऑक्टोबर १८५४ मध्ये साऱ्या हिंदुस्थानासाठी तिकिटं निघाली. त्याआधी १८५२ मध्ये बार्टल फ्रिअरने सिंधमध्ये 'सिंध डाक' हे अर्ध्या आण्याचं तिकीट काढलं होतं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, आणि हाच फ्रिअर पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. एकदा तिकीट आलं की एक नवी काळजी येते. वापरलेलं तिकीट लोक सोडवून पुन्हा चिकटवतील. म्हणून त्यावर शिक्का मारून ते रद्द करायचं. सुरुवातीच्या काही वर्षांतच शिक्क्यांत आकडे आणि अक्षरं आली. त्यात गावाचं नाव नसे, नुसता क्रमांक. गाव आणि तारीख सांगणारा दुसरा शिक्का लिफाफ्यावर वेगळ्या जागी मारला जाई.

आता समजा तुमच्या हाती एक जुनं, अगदी सर्वसाधारण भारतीय तिकीट आलं आणि त्यावर अष्टकोनात 'बी' आणि '१७२' असं दिसतंय. लिफाफा नाही, कुणीतरी तिकीट कापून घेतलंय. तुम्ही म्हणाल, असेल बंगालातलं किंवा मुंबईजवळचं एखादं ठाणं. पण १७२ म्हणजे सिंगापूर. १८६७ मध्ये सिंगापूर, पेनांग आणि मलाक्का यांची वेगळी वसाहत झाली आणि त्यांना स्वतःची तिकिटं मिळाली. तोवर तिथली पत्रं भारतीय तिकिटांवर जात. गंमत म्हणजे त्यांची पहिली तिकिटंही भारतीयच होती, वर मुकुट आणि सेंटमधली किंमत छापलेली.

एडनचंही तसंच. एडन बराच काळ मुंबई इलाख्याचा भाग होतं. त्याला स्वतःची तिकिटं १९३७ मध्ये मिळाली. मस्कत, बहरीन, बसरा, बुशहर इथे भारतीय टपाल कार्यालयं होती आणि आखाताच्या किनाऱ्यावरचे आपले व्यापारी तिथून भारतीय तिकिटं लावून पत्रं पाठवत. कुवेतमध्ये भारतीय तिकिटांवर देशाचं नाव छापायला १९२३ उजाडलं, बहरीनमध्ये १९३३.

म्हणजे एकाच छापाचं, एकाच किमतीचं तिकीट. एक पुण्यात वापरलेलं, दुसरं सिंगापुरात. कागद तोच, शाई तीच. फरक फक्त शिक्क्याच्या आकड्यात, आणि तो आकडा कुणाचा हे कुणीतरी कष्टाने जुळवून लिहून ठेवलं म्हणून आपल्याला तो वाचता येतो. ती यादी नसती तर सिंगापूरचं तिकीट पुण्याच्या ढिगात पडून राहिलं असतं. समुद्रापलीकडे गेलेल्या माणसांच्या व्यवहाराचा एक पुरावाही त्याबरोबर गेला असता.

आपल्या जवळची उदाहरणंही आहेत. भोर संस्थानाने १८७९ मध्ये स्वतःची अर्ध्या आण्याची आणि एका आण्याची तिकिटं काढली. पुढे १९०१ मध्ये पंतसचिवांचं चित्र असलेलं तिकीट आलं. हैदराबादच्या निजामाच्या जुन्या तिकिटांवर उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठी आणि तेलुगूतही मजकूर असे, कारण आजचा मराठवाडा त्या राज्यात होता. मी जिथे राहते त्या म्हैसूर संस्थानाने मात्र तिकीट काढलंच नाही. त्यांची 'अंचे' नावाची टपाल व्यवस्था जुनी आणि भक्कम होती. ती १८८९ मध्ये ब्रिटिश टपालात विलीन झाली. पण शब्द टिकला. इथल्या टपाल कार्यालयाच्या पाटीवर आजही कन्नडमध्ये 'अंचे कचेरी' असं वाचायला मिळतं. त्यातला 'कचेरी' आपल्याला नवा नाही, 'अंचे' मात्र शिकून घ्यावा लागतो.

खोट्याशी झुंज

जिथे पैसा आहे तिथे नक्कल आहे. तिकिटांच्या जगातला सर्वांत कुशल नकलाकार म्हणून जाँ द स्पेराती याचं नाव घेतात. जन्माने इटालियन, राहायला फ्रान्समध्ये. खऱ्या जुन्या स्वस्त तिकिटावरची छपाई रसायनांनी घालवायची आणि उरलेल्या अस्सल कागदावर महागडं तिकीट छापायचं, ही त्याची एक रीत. कागद खरा, जलचिन्ह खरं, कडेची भोकंही खरी. मग फसणार नाही तर काय?

यावर ब्रिटनमधल्या संग्राहकांनी काय केलं? १९५०च्या दशकात ब्रिटिश फिलाटेलिक असोसिएशनने त्याच्याकडचा साठा आणि साहित्य विकतच घेतलं, म्हणजे ते बाजारात फिरणार नाही. मग त्याच्या नकला कशा ओळखायच्या याचं पुस्तक १९५५ मध्ये छापलं. फसवणुकीवर त्यांनी काढलेला उपाय असा होता: जे कळलं ते सगळ्यांना सांगा.

भारतातही हा प्रश्न आहे. काही संस्थानांनी आपल्या जुन्या ठशांवरून नंतर संग्राहकांसाठी पुन्हा छपाई केली. १८५४च्या चार आण्यांच्या तिकिटात लाल चौकट आणि निळं राणीचं डोकं वेगवेगळं छापलं जाई, त्यामुळे काही तिकिटांत डोकं उलटं पडलं. ते भारताचं सर्वांत प्रसिद्ध चुकीचं तिकीट, आणि जे प्रसिद्ध त्याची नक्कल आलीच. अशा वेळी जाल कूपर यांच्यासारखा माणूस तिकिटाच्या पाठीवर आपलं नाव उमटवतो, तेव्हा तो आपली सगळी पत पणाला लावत असतो. एकदा चुकलं तर आयुष्यभराचा विश्वास जातो.

दोन संग्रह, दोन शेवट

आता दोन संग्राहकांची तुलना करते. दोघेही युरोपातले, एकाच काळातले आणि श्रीमंत.

पहिला फिलिप फॉन फेरारी. पॅरिसमध्ये राहायचा. जगातली बहुतेक सगळी दुर्मिळ तिकिटं त्याच्याकडे होती. ब्रिटिश गयानाचं एक सेंटचं किरमिजी तिकीट त्याच्याकडे, स्वीडनचं पिवळं तीन स्किलिंग त्याच्याकडे. १९१७ मध्ये तो वारला. संग्रह त्याने बर्लिनच्या टपाल संग्रहालयाला द्यायचं लिहून ठेवलं होतं. पण पहिलं महायुद्ध चालू होतं. फ्रेंच सरकारने संग्रह जप्त केला आणि १९२१ ते १९२५ या काळात चौदा लिलावांत तो विकून टाकला. जगातला सर्वांत मोठा संग्रह चार वर्षांत पांगला. त्याने आयुष्यभर काय पाहिलं, काय ओळखलं, यावर त्याचं एकही पुस्तक मागे राहिलं नाही.

दुसरा थॉमस टॅपलिंग, इंग्लंडचा. तो १८९१ मध्ये पस्तिशीतच गेला आणि आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन गेला. आज तो ब्रिटिश लायब्ररीत आहे, अखंड. पण नुसता दिला म्हणून तो कामाचा झाला नाही. एडवर्ड बेकन नावाच्या अभ्यासकाने वर्षानुवर्षं बसून तो लावला. याच बेकनने अर्ल ऑफ क्रॉफर्डच्या तिकीटविषयक ग्रंथालयाची सूची १९११ मध्ये केली, आणि पुढे १९१३पासून १९३८पर्यंत इंग्लंडच्या राजाच्या संग्रहाची देखभाल केली. बेकनची ओळख त्याच्या मालकीच्या तिकिटांमुळे नाही. दुसऱ्यांच्या तिकिटांना त्याने लावून दिलेल्या शिस्तीमुळे लोक त्याला ओळखतात.

फेरारीकडे सगळं होतं, तरी आज त्याचं नाव लिलावाच्या यादीत 'पूर्वीचा मालक' म्हणून येतं. बेकनची सूची मात्र आजचा अभ्यासक उघडून वापरतो.

आमच्या सोसायटीतली एक वही

हे सगळं विलायतेतलं वाटत असेल, तर आमच्या सोसायटीतलं सांगते.

आमच्या शेजारच्या इमारतीत सोलापूरकडचे एक आजोबा मुलाकडे राहायला आले होते. निवृत्त शिक्षक. त्यांनी चाळीस वर्षं हैदराबाद संस्थानाची तिकिटं जमवलेली. ते गेल्यावर मुलाने एका व्यापाऱ्याला अल्बम दाखवले. व्यापाऱ्याने भराभर पानं उलटली, चांगली वाटलेली तिकिटं वेगळी काढली, उरलेल्यांचा ढीग केला आणि एक आकडा सांगितला. व्यवहार झाला. मुलाची यात काही चूक नाही. घर लहान, त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि आईच्या औषधांचा खर्च समोर होता.

महिनाभराने त्यांची नात माझ्याकडे एक वही घेऊन आली. "आत्या, हे काय आहे बघा ना. रद्दीत टाकायचं का?" दोनशे पानी वही. आजोबांच्या सुबक अक्षरात प्रत्येक पानावर मराठवाड्यातल्या एकेका गावाचं नाव. परभणी, बीड, सेलू, उदगीर. खाली शिक्क्याचं पेन्सिलीने काढलेलं चित्र, त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये, आतली अक्षरं कोणत्या लिपीत, आणि तो कोणकोणत्या सालच्या पत्रांवर आढळला याची नोंद. कुठे प्रश्नचिन्ह, कुठे 'पुन्हा पाहणे', कुठे चार वर्षांनी वेगळ्या शाईने केलेली दुरुस्ती.

व्यापाऱ्याने या वहीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तिची किंमत शून्य होती. आणि मला विचाराल तर घरातली सर्वांत मौल्यवान वस्तू तीच होती. तिकिटं कुणीतरी पुन्हा विकत घेईल. पण चाळीस वर्षं एका माणसाने शेकडो लिफाफे डोळ्यांखालून घालून जे जुळवलं, ते पुन्हा कोण जुळवणार? ज्या लिफाफ्यांवरून त्यांनी हे मोजलं, ते आता चार दिशांना गेलेत.

नात दर शनिवारी एक-दोन पानं टाइप करते. चित्रांचे फोटो काढून शेजारी लावते. आतापर्यंत साठ पानं झाली. ती कॉलेजात संगणकशास्त्र शिकते, तिकिटांत तिला फारसा रस नव्हता. आता तिने मराठवाड्याचा नकाशा भिंतीवर लावलाय आणि गावांवर टाचण्या टोचतेय.

तुमच्या घरी अल्बम असेल तर

म्हणून आता कामाच्या चार गोष्टी सांगते. महाराष्ट्रात असा, गोव्यात, कर्नाटकात, इंदूर-बडोद्यात, नाहीतर परदेशात. मराठी घरांत असे अल्बम बरेच आहेत.

पहिली गोष्ट, किंमत विचारायच्या आधी वही शोधा. वही नसेल आणि जमवणारी व्यक्ती हयात असेल, तर तिच्याजवळ बसा. फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करा आणि अल्बमचं एकेक पान उलटत विचारा, "हे कुठून मिळालं? हे वेगळं का ठेवलंय?" दोन रविवार पुरतात. बाबा-आजोबांशी बोलायला इतकं चांगलं निमित्त दुसरं मिळणार नाही.

दुसरी, लिफाफ्यावरचं तिकीट कापू नका, पाण्यात भिजवून सोडवू नका. सुटं तिकीट किती सांगतं आणि पूर्ण लिफाफा किती सांगतो, ते तुम्ही सिंगापूरच्या उदाहरणात पाहिलंत. पत्ता, दोन्हीकडचे शिक्के, तारखा, आतलं पत्र, सगळं एकत्र राहू द्या.

तिसरी, चिकटपट्टी, लॅमिनेशन आणि स्वस्त प्लास्टिकच्या पिशव्या टाळा. तिकीट बोटांनी उचलू नका, चिमट्याने उचला. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात अल्बम आडवे न ठेवता उभे ठेवा आणि अधूनमधून उघडून हवा द्या. नाहीतर मागचा गोंद पानाला धरतो.

चौथी, विकायचंच असेल तर जरूर विका, त्यात काही गैर नाही. पण आधी प्रत्येक पानाचा स्वच्छ फोटो काढा आणि टिपणं स्वतःकडे ठेवा. आणि एकाच माणसाला विचारून थांबू नका. बहुतेक मोठ्या शहरांत संग्राहकांच्या संस्था आहेत, इथे कर्नाटक फिलाटेलिक सोसायटी आहे. तिथली जाणकार मंडळी अल्बम आनंदाने पाहून देतात.

मुलांना कुठून सुरुवात करून द्यायची

हल्ली मुलांना पत्रच येत नाही, तर तिकिटं कुठून मिळणार? प्रश्न खरा आहे. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. माझ्या ऑफिसात येणाऱ्या पाकिटांवर तिकिटाऐवजी छापील पट्टी असते. पण मुख्य टपाल कार्यालयांत तिकीट संग्राहकांसाठी वेगळा विभाग असतो. बेंगळुरूत तो राजभवन रोडवरच्या जीपीओत आहे. तिथे दोनशे रुपये भरून फिलाटेली ठेव खातं उघडता येतं, मग नवी तिकिटं घरपोच येतात. सहावी ते नववीच्या मुलांसाठी टपाल खात्याची 'दीनदयाळ स्पर्श' ही शिष्यवृत्तीही आहे, वर्षाला सहा हजार रुपयांची. ती देताना मुलाने किती तिकिटं जमवली हे पाहत नाहीत. प्रश्नमंजुषा आणि प्रकल्प पाहतात.

मुलाला शंभर तिकिटांचं पाकीट आणून देऊ नका. दोन तिकिटं द्या आणि एक प्रश्न द्या. मी देते ती जोडी सांगते. १८ एप्रिल १९५८ रोजी महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या शंभराव्या वाढदिवशी त्यांच्यावर तिकीट निघालं. हयात असताना भारतीय तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय. दोन वर्षांनी, १५ सप्टेंबर १९६० रोजी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांवर तिकीट आलं, तेही हयात असताना. एक पुण्याचे, एक म्हैसूरचे. मुलांना विचारायचं, या दोघांत पुणं कुठे आहे?

मुलं शोधतात. विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी शिकले ते पुण्यात, आजच्या सीओईपीत. नोकरीची सुरुवात मुंबई इलाख्यात. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी बनवलेले आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ मध्ये बसले. एवढं झालं की त्यांना म्हणायचं, आता हे एका पानावर लिही. तिकिटं मध्ये लाव, खाली पाच ओळी, आणि कोपऱ्यात तुझं नाव आणि तारीख. पान खराब झालं तर दुसरं करू.

हे पहिलं पान फार मोलाचं असतं. तिकीट हाती येणं ही अर्धी गोष्ट. त्याबद्दल आपल्याला कळलेलं दुसऱ्याला वाचता येईल असं लिहिणं, ही उरलेली अर्धी. जाल कूपर यांनी आपल्या दुकानात बसून तेच केलं, आणि सोलापूरच्या आजोबांनी दोनशे पानी वहीत तेच केलं.

तर या आठवड्यात एक काम करा. घरातल्या किंवा नात्यातल्या ज्या कुणी काही जमवलंय, तिकिटं असोत, नाणी असोत, जुन्या पाककृती असोत, त्यांना फोन लावा. "तुम्ही जे ओळखता, ते कसं ओळखता, मला लिहून घ्यायचंय," असं म्हणा. बहुतेकांना हे आजवर कुणी विचारलेलं नसतं.